इमारत बांधून झाली, पण ती वागतीय कशी? वापरातल्या इमारतीची पहिली तपासणी करणाऱ्यांसाठी

एप्रिलमधे लातूरला एका अभ्यासिकेत गेलो होतो. तिसरा मजला, डोक्यावर डायरेक्ट स्लॅब, चाळीसेक टेबलं आणि पश्चिमेला ओळीनं चार मोठ्या काचेच्या खिडक्या. दुपारचे साडेतीन वाजलेले, पोरं नीटचा अभ्यास करत बसलेली आणि त्या चारही खिडक्यांवर आतून जुने पेपर चिकटवलेले, खळ लावून, अगदी चौकटीच्या कडेपर्यंत. म्हणजे बाहेर डोळे दिपतील एवढं ऊन आणि आत सगळ्या ट्यूबा चालू. एका कोपऱ्यात भला मोठा कूलर घरघर करतोय तरी पोरांच्या मानेवर घाम, आणि वहीचं पान उलटताना ते पापडासारखं न वाजता ओल्या रुमालासारखं लोंबायचं.

मालक म्हणाले, "सर, दोनदा कूलर बदललाव, हा तर सगळ्यात मोठा हाय, तरी पोरं उकडायलंय म्हणून रडायलेत. आता एसीच लावून टाकतो."

एसीची गरज नव्हती, ते कसं ते पुढं सांगतो. पण त्या पेपरवर सगळं लिहिलेलं होतं, बातम्या सोडून. ज्यानं ती इमारत डिझाइन केली त्याला जे कळलं नाही ते एका पोरानं खळीच्या वाटीनं सांगितलं होतं, की बाबा या खिडकीतून ऊन डायरेक्ट माझ्या वहीवर पडतंय. वापरातली इमारत तपासायची म्हणजे निम्मं काम हे असले जुगाड वाचायचं आहे. बाकीचं निम्मं काम विचारणं आणि मोजणं.

या कामाला पोस्ट ऑक्युपन्सी इव्हॅल्युएशन म्हणतात, बोलताना सगळे पीओई म्हणतात, मी पण तेच म्हणणार. आपल्याकडं वास्तुशांती झाली, फीत कापली, पेढे वाटले की आर्किटेक्ट परत फिरकत नाही, कॉन्ट्रॅक्टर पण फिरकत नाही (बिल अडकलं असलं तर मात्र रोज दिसतो). हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. ब्रिटनमधे आर्किटेक्टांच्या आरआयबीए या संस्थेनं 1963 साली कामाचे टप्पे ठरवून दिले त्यात सगळ्यात शेवटचा टप्पा फीडबॅकचा होता, म्हणजे परत जाऊन बघायचं. पण परत जायचे पैसे कोण देणार हा प्रश्न काही सुटला नाही आणि पुढं तो टप्पाच यादीतून गळाला. नंतर तिकडंच 1995 ते 2002 या काळात प्रोब नावानं वापरातल्या इमारतींचे अभ्यास झाले, इमारतींची नावं घेऊन छापले, आणि त्यात दिसलं की बऱ्याच इमारती डिझाइनच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त वीज-गॅस खातायत आणि आतली बटणं, कंट्रोल वापरणाऱ्याला कळतच नाहीत.

आधी किल्लारीचं बोलू

मराठवाड्यात राहून हा विषय शिकायचा म्हटल्यावर किल्लारीचा भूकंप टाळताच येत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चार वाजायच्या थोडं आधी, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले. तिथली घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडाच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर माळवद, लाकडावर मातीचा जाड थर, दरवर्षी पाणी गळू नये म्हणून वरून अजून माती टाकायची, म्हणजे दर पावसाळ्याला छत जड. तेच माणसांच्या अंगावर आलं. त्यानंतर 52 गावं पूर्ण नवीन जागी वसवली, जमीन किती त्या हिशोबानं 250 चौरस फुटांपासून 750 चौरस फुटांपर्यंत घरं दिली, रुंद रस्ते, सरळ रेषेत प्लॉट.

आता त्या गावांमधे एक चक्कर मारा आणि नुसतं बघा. मूळ घर कुठं संपतं आणि लोकांनी नंतर जोडलेलं कुठं सुरू होतं ते ओळखायचा प्रयत्न करा. पुढं काढलेली पत्र्याची ओसरी, जनावरांचं शेड, कडबा-सरपणाची जागा, बाहेर हलवलेली चूल. बांधणाऱ्यांनी घर दिलं, पण शेतकऱ्याच्या घरात बैल, बी-बियाणं, अवजारं पण राहतात हे त्या चौकोनी नकाशात मावलं नाही. लोकांनी जोडलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्यांनी भरलेला फीडबॅक फॉर्मच.

पण याच्यातच एक गोम आहे आणि नवशिके तिथंच फसतात. जुन्या माणसाला विचारलं तर म्हणेल, "माळवद लई गार राहायचं, हे स्लॅबचं घर तापतंय." खरं बोलतोय तो, माती जाड, ऊन आत यायला वेळ लागतो. पण त्याच माळवदानं काय केलं ते पण खरंच आहे. म्हणजे लोकांना काय आवडतं हे तुमच्या पीओईमधे येईल, इमारत सुरक्षित आहे का हे त्यातून कळणार नाही. भिंतीला तिरकी भेग दिसली, बीमचं लोखंड उघडं पडलेलं दिसलं तर मार्क देत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा म्हणून सांगा आणि पुढं चला.

काम कुठं, कधी, किती खोल

पहिली इमारत छोटी घ्या. जिल्हा परिषदेची शाळा, एखादी अभ्यासिका, ग्रामपंचायत ऑफिस, हॉस्टेलचा एक मजला. हॉस्पिटल पहिल्यांदा अजिबात नको. इमारत वापरात येऊन किमान एक वर्ष झालेलं असावं, म्हणजे लोकांनी त्यात एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा काढलेला असतो आणि नव्याची नवलाई पण संपलेली असते.

या कामाच्या तीन पातळ्या मानतात. एक धावती पाहणी, अर्ध्या-एक दिवसात फिरून, चार लोकांशी बोलून काय खटकतंय ते बघायचं. दुसरी तपासणी, म्हणजे प्रश्नावली, मोजमाप, बिलं. तिसरी पार निदानापर्यंत, महिनोन्महिने मीटर लावून. तुम्ही पहिली पूर्ण करा, दुसरीतलं जमेल तेवढं करा, तिसरीचा विचार पण करू नका.

परवानगी लेखी घ्या, संस्थाचालकाची किंवा मालकाची, आणि घेतानाच सांगून टाका की आम्ही दोष काढायला आलेलो नाही, उणीदुणी काढणारा माणूस म्हटलं की दारं बंद होतात. मुलींचं हॉस्टेल असेल तर सोबत बाईमाणूस पाहिजेच आणि खोल्यांमधे तिनंच जायचं. फोटोत चेहरे येऊ देऊ नका.

सामानाची यादी लई मोठी नाही. वही, टेप, खडू, अगरबत्ती, तापमान आणि दमटपणा दाखवणारी छोटी डिजिटल घड्याळं दोन-तीन, आणि मोबाइल. अगरबत्ती कशाला ते सांगतो.

पहिली फेरी: तोंड बंद, डोळे उघडे

पहिल्या फेरीत कुणाला काही विचारू नका, नुसतं फिरा आणि लोकांनी इमारतीत स्वतःहून काय केलंय ते लिहा. खिडकीला पेपर, दाराखाली विटेचा तुकडा, स्विचवर चिकटपट्टी, एसीच्या झडपेवर पुठ्ठा, खुर्ची सरकवून सरकवून फरशीवर पडलेले ओरखडे, बागेतून आडवी गेलेली पायवाट. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: असं का केलं असेल? उत्तर लगेच लिहायचं नाही, अंदाज लिहायचा, पुढं विचारून खात्री करायची.

उदाहरण देतो. एका शाळेत रॅम्प होता, छान रेलिंग वगैरे, आणि त्याच्यावर मास्तरांच्या सहा मोटारसायकली. मला वाटलं काय ही बेपर्वाई. नंतर मोजला तर एक फूट चढायला जेमतेम पाच फूट लांबी, पाहिजे बारा फूट. त्याच्यावरून व्हीलचेअर चढूच शकत नव्हती, चढली तरी उतरताना पोरगं थेट ग्राउंडवर गेलं असतं. म्हणजे तो रॅम्प निरुपयोगी म्हणून गाड्या लागल्या होत्या, गाड्या लागल्या म्हणून निरुपयोगी झाला नव्हता. हा उलटसुलट क्रम नीट लावायला शिकणं हेच खरं कौशल्य आहे.

एक गोष्ट मात्र रिपोर्टपर्यंत थांबवायची नाही. जिन्याच्या जाळीला कुलूप, मागच्या दारासमोर बाकडी रचलेली, मीटरच्या पेटीजवळ कागदाचे गठ्ठे, असं काही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला सांगा.

मग भेटायचं ते मावशीला आणि मामांना. झाडणारी मावशी आणि वॉचमन किंवा शिपाई मामा, या दोघांना त्या इमारतीची जेवढी माहिती असते तेवढी आर्किटेक्टला पण नसते. कुठल्या कोपऱ्यात पाणी साठतं, कुठली खिडकी उघडली की कबुतरं शिरतात, कुठला पंखा आवाज करतो, लाइट गेल्यावर पोरं कुठं येऊन बसतात. चहा पाजा आणि ऐका. एका ठिकाणी मावशी म्हणाल्या, "सर, या बाथरूमला मे महिन्यातच वास येतो बगा, पावसाळ्यात येत न्हाई." सगळे ड्रेनेजची लाइन खोदायला निघाले होते. प्रकार एवढाच होता की न वापरातल्या नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात वाळून जायचं, पाण्याचा अडसर गेला की गटाराचा वास सरळ वर. रोज एक तांब्या पाणी ओतायचं, विषय संपला.

विचारायचं कसं

माझी पहिली प्रश्नावली एका शाळेत झाली. हेडसर स्वतः वर्गात उभे राहून फॉर्म वाटत होते आणि सगळ्यांनी सगळीकडं "उत्तम" वर टिक केली, ज्या खोलीला खिडकीच नव्हती तिथल्या हवेला पण उत्तम. ते सगळे कागद रद्दीत गेले. तेव्हापासून नियम असा की फॉर्मवर नाव नाही, फॉर्म गोळा करायला खोका, आणि साहेब-वॉर्डन-मालक कुणीच आसपास नाही. साठ-सत्तर लोक असतील तर सगळ्यांना द्या. कोण कुठं बसतो, कुठल्या मजल्यावर, खिडकीजवळ का आत, हे मात्र फॉर्मवर पाहिजेच, नाहीतर सरासरी निघते आणि सरासरीत पश्चिमेच्या बाकड्यावरचं पोरगं हरवून जातं.

प्रश्न आपल्या भाषेत विचारा. किती गरम-गार वाटतंय ते विचारायला जगभर सात पायऱ्यांची पट्टी वापरतात, उणे तीन म्हणजे लई थंड, शून्य म्हणजे मधलं, अधिक तीन म्हणजे लई गरम. आपण ती मराठीत आणताना एक घोळ होतो. आपल्याकडं "गार वाटतंय" ही तारीफ आहे आणि "थंडी वाजायलीय" ही तक्रार. मे महिन्यात "थंड" वर टिक करणारा पोरगा काकडलेला नसतो, खूश असतो. म्हणून त्या पट्टीखाली दुसरा प्रश्न लगेच पाहिजे: आत्ता आहे त्यापेक्षा काय हवं, अजून गार, आहे तसंच, का थोडं गरम? दोन्ही उत्तरं एकत्र वाचली की खरं काय ते कळतं.

"आत्ता कसं वाटायलंय" आणि "उन्हाळाभर कसं असतं" हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, लोक नेहमी सगळ्यात वाईट दिवस आठवून सांगतात. हवा, उजेड, आवाज, पाणी, संडास, बसायची जागा, एवढे विषय बास. शेवटी दोन मोकळ्या ओळी: या इमारतीतली कुठली जागा तुम्हाला सगळ्यात आवडते, आणि कुठं जायचं टाळता. माझ्या अनुभवात अख्ख्या फॉर्मपेक्षा या दोन ओळी जास्त कामाच्या निघतात.

आणि "चालतंय की" या उत्तरापासून सावध. आपला माणूस तक्रार करायला लाजतो, त्यामुळं संडास कसा आहे विचारलं की चालतंय म्हणणार. तेच दुसरीकडून विचारा, दिवसभरात पाणी किती वेळा पिता? एका कॉलेजात मुलींनी लिहिलं होतं की आम्ही दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. संडासाला कडी नव्हती, बॅग टांगायला खुंटी नव्हती आणि दुपारनंतर टाकीतलं पाणी संपायचं. उन्हाळ्यात, 42 डिग्रीत, पोरी तहानलेल्या बसतात कारण कडी नाही. ते मी रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं.

मोजायचं काय आणि कसं

आता त्या अभ्यासिकेकडं परत येऊ. कूलरच्या समोर अगरबत्ती धरली तर धूर जोरात पुढं गेला, ठीक. मग समोरच्या भिंतीपाशी धरली, धूर सरळ वर. खिडकीच्या फटीपाशी धरली, हलेना. दारापाशी धरली, दार बंद, हलेना. म्हणजे कूलर हवा आत ढकलतोय आणि बाहेर जायला जागाच नाही, कारण पेपर चिकटवण्याच्या नादात खिडक्या कायमच्या बंद झालेल्या. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, ती हवा दमट होते, दमट हवा समोरच्या बाजूनं निघून गेली पाहिजे तर नवीन कोरडी हवा येईल. ती निघाली नाही तर खोलीत वाफच साठते आणि वह्या लोंबतात. त्यात हा कूलर पुरा खोलीच्या आत ठेवलेला, म्हणजे तीच दमट हवा परत परत ओढतोय. आपल्याकडं एप्रिल-मे मधे हवा एवढी कोरडी असते की नीट बसवलेला साधा कूलर एसीला ऐकत नाही, पण तो खिडकीच्या बाहेर पाहिजे आणि समोरचं झरोकं उघडं पाहिजे. एकदा जूनचा पाऊस पडला की तोच कूलर चिकचिक करणार, तेव्हा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

तापमान मोजताना घड्याळ उन्हात नको, भिंतीला टेकून नको, कूलरच्या झोतात नको. बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला, खोलीत तीन जागी, आणि एक बाहेर सावलीत. सकाळी नऊ, दुपारी तीन-चार, रात्री नऊ, अशा वेळा लिहून. रात्रीचं विसरू नका, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडत बसतो, हॉस्टेलवाल्यांची खरी तक्रार रात्रीची असते.

हवेचं तापमान ठीक दिसतंय आणि तरी लोक भाजतंय म्हणतात, असं झालं तर डोक्यावरचा स्लॅब किंवा पत्रा तपासा. टेबलटेनिसचा एक बॉल घ्या, त्याला मॅट काळा रंग मारा आणि थर्मामीटरचं टोक आत जाईल एवढं भोक पाडून आत बसवा. बाजूला साधा थर्मामीटर. बॉलमधला आकडा साध्यापेक्षा दोन-तीन डिग्री वर असेल तर उष्णता हवेतून नाही, छतातून अंगावर येतीय. तिथं कितीही कूलर लावा, आधी छत बघावं लागेल. पिस्तुलासारखं लेझरवालं थर्मामीटर मिळतं ते स्लॅबवर ठीक चालतं, पण चकचकीत नव्या पत्र्यावर खोटं बोलतं, पत्रा हाताला भाजतोय आणि ते भलताच कमी आकडा दाखवतं. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावून त्या पट्टीवर मोजा.

आकडा आला, पण तो चांगला का वाईट? 24 डिग्रीचं एसीवालं गणित आपल्या पंख्याच्या खोल्यांना लावू नका. अहमदाबादच्या सेप्ट युनिव्हर्सिटीनं पाच शहरांतल्या 16 ऑफिस इमारतींमधे लोकांना विचारून एक भारतीय सूत्र काढलं, त्याला आयमॅक म्हणतात. खिडक्या-पंख्यावर चालणाऱ्या इमारतीसाठी ते असं: बाहेरचं मागच्या महिनाभराचं सरासरी तापमान, दिवसरात्र मिळून, गुणिले 0.54, अधिक 12.83. समजा ती सरासरी 30 आहे, तर 16.2 अधिक 12.83 म्हणजे साधारण 29 डिग्री. त्याच्या खालीवर 2.38 धरायचे, म्हणजे 26.6 ते 31.4 पर्यंत दहातल्या नऊ लोकांना चालायला पाहिजे. म्हणजे आपली माणसं 31 डिग्रीत पण नीट बसू शकतात, पंखा आणि खिडकी त्यांच्या हातात असेल तर. सूत्र ऑफिसांवरून काढलंय आणि आपल्या मे महिन्याच्या टोकाला ते ताणू नये, पण फेब्रुवारी-मार्चला, पावसाळ्यानंतर ते कामाला येतं.

उजेड मोबाइलच्या लक्स (उजेडाचं माप) अॅपनं मोजा, आकडा कच्चा असतो पण एकाच मोबाइलनं सगळी टेबलं मोजली की कुठं कमी कुठं जास्त ते कळतं. वाचायला 300 लक्सच्या आसपास पाहिजे. अभ्यासिकेत पेपर चिकटवल्यावर भिंतीकडच्या टेबलांवर 90 येत होतं, ट्यूबा चालू असून. आवाजाचं पण तसंच, अॅप तुलनेपुरतं. कोंदट वाटतंय का बघायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर मिळाला तर घ्या, बाहेर साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो, आत 1000 च्या वर राहायला लागला तर ताजी हवा कमी पडतीय. स्वस्त मीटर घेताना तपासा, त्याच्याजवळ सॅनिटायझरची बाटली उघडा, आकडा एकदम उडाला तर तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, वासावरून अंदाज ठोकतोय.

बिल आणि टाकी

लाइटबिलं बारा महिन्यांची मागा, एक-दोन महिन्यांवरून काही कळत नाही. वर्षाचे युनिट भागिले चौरस मीटर (चौरस फुटाला 10.76 नं भागा). 4,300 चौरस फुटाची इमारत म्हणजे 400 चौरस मीटर, वर्षाला 18,000 युनिट जात असतील तर 45 आले. याला ईपीआय म्हणतात, ऑफिसांच्या स्टार रेटिंगला बीईई (केंद्र सरकारचं ऊर्जा बचतीचं खातं) हाच आकडा वापरतं. पण शाळेची तुलना कॉल सेंटरशी करू नका, आधी तिची तुलना तिच्याच मागच्या वर्षाशी करा. आणि एक सोपी युक्ती: रात्री दहाला मीटर वाचा, पहाटे सहाला परत वाचा. इमारत झोपलेली असताना किती युनिट गेले? विसरलेलं गिझर, रात्रभर चालणारा वॉटर कूलर, ओव्हरफ्लो होत राहणारी मोटर, सगळं तिथं सापडतं.

पाण्याचं मराठवाड्यात वेगळं सांगायला नको, 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं लातूर आहे हे. राहायच्या इमारतीला माणशी रोज 135 लिटर आणि दिवसाच्या शाळा-ऑफिसला 45 लिटर धरायचा नियम आहे, पण उन्हाळ्यात खरं किती मिळतं ते टँकरच्या वहीत लिहिलेलं असतं, ती वही मागा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पातळीला खडूनं खूण करा, सकाळी बघा. उतरली असेल तर कुठंतरी गळतंय, बहुतेक वेळा संडासाच्या फ्लशमधे.

सांगायचं कसं

रिपोर्ट एका पानाचा, फार तर दोन. मालकाला 40 पानं दिली की ती कपाटात जातात. प्रत्येक मुद्द्यात काय दिसलं, कुणी सांगितलं, काय मोजलं, आणि काय करता येईल. फुकट होणारं आधी, थोड्या पैशातलं मग, मोठं काम शेवटी. दोष कुणाचा ते लिहायचं नाही, लिहिलं की भांडण सुरू होतं आणि काम राहून जातं. आणि ज्यांनी फॉर्म भरले त्यांना पण निकाल सांगा, नोटीस बोर्डवर पाच ओळीत, नाहीतर पुढच्या वेळी कुणी फॉर्म भरणार नाही.

अभ्यासिकेला आम्ही चारच गोष्टी सुचवल्या. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर, समोरची दोन झरोकी उघडी, गच्चीवर चुन्यात फेविकॉल घालून दोन हात पांढरं, आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून हिरवी नेट, भिंतीपासून फूटभर लांब. बाहेरून हे महत्त्वाचं, ऊन काचेतून आत आल्यावर पेपर लावून उपयोग नाही, पेपर तापतो आणि ती उष्णता आतच राहते. मालक नाखुशीनं तयार झाले. मे च्या दुसऱ्या आठवड्यात परत गेलो तर एसी घेतलेला नव्हता, पेपर निघाले होते, काचेवर खळीचे चौकोनी डाग तेवढे राहिले होते आणि खिडकीपासची टेबलं, जी आधी रिकामी असायची, ती भरलेली. एका खिडकीला मात्र परत पेपर होता. विचारलं तर मुलगा म्हणाला समोरच्या बिल्डिंगमधून लोक बघत बसतात. हे आमच्या फॉर्ममधे आलंच नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं. पुढच्या फॉर्ममधे एक ओळ वाढली.

परत जायचं ते तीनदा, मे मधे, ऑगस्टमधे आणि डिसेंबरच्या थंडीत. ऑगस्टला जाताना खडू विसरू नका. भिंतीला किंवा छताला ओल दिसली की तिच्या कडेनं खडूची रेघ मारायची आणि शेजारी तारीख टाकायची. पुढच्या पावसानंतर ओल रेघेच्या बाहेर गेली तर पाणी अजून येतंय, आतच राहिली तर ती जुनी आहे, वाळायची वाट बघायची. आणि ती रेघ पुसू नका असं मावशीला सांगून ठेवा.